शिगोशीग भरलेला ट्रे

ट्रे किती भरला होता, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. आणि मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.

एकतीस वर्षं मी गिरगावात दातांच्या दवाखान्यात काम केलं. दिवाळी अंकवाले म्हणाले, मावशी, गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. आमच्याकडे एक नवरा-बायको यायचे, दोघांच्या कवळ्या नव्या. महिनाभर दोघंही कुरकुरत होते, टोचते, हलते, जेवण जात नाही. डॉक्टरबाईंनी तीनदा घासून दिल्या. शेवटी मी विचारलं, काढून ठेवता कुठे? तर एकाच वाटीत. अदलाबदल केली, दोघं गप्प झाले. अशा गमती सांगून पानं भरतील. पण सांगायलाच हवी अशी माझ्याकडे एक गोष्ट आहे, आणि ती गमतीची नाही.

मी चौथी शिकलेली. आम्ही मूळचे घाटावरचे, लालबागला माझ्या आईची खाणावळ होती. गिरणीतली माणसं जेवायला यायची आणि मी दहाव्या वर्षापासून वाढायला होते. आईचा नियम एकच, वाढणारणीने हात आखडायचा नाही. भात दाबून, आमटी काठापर्यंत. अर्धी पळी वाढली तर पंगतीतच हातावर फटका बसायचा. पुढे गिरण्या गेल्या, खाणावळ गेली, आई गेली. माझा हात तोच राहिला. तोच घेऊन मी गिरगावात डॉक्टरबाईंकडे झाडू मारायला लागले. झाडता झाडता अवजारं उकळायला, दातात भरायचं सिमेंट कालवायला, रडणाऱ्या पोरांची डोकी धरायला शिकले. माझं नाव तिथे कुणी घेतलं नाही. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांची मी मावशी.

आता फ्लोराइडचं सांगते, कारण सगळं त्यावरूनच झालं. दाताच्या वरचं कवच हाडाहून कडक असतं, पण आंबटापुढे त्याचं काही चालत नाही. मूल गोड खातं, तोंडातले जंतू त्याचं आंबट करतात आणि ते आंबट कवचातला चुना, म्हणजे कॅल्शियम, जरा जरा विरघळवतं. फ्लोराइड म्हणजे पाण्यात, मातीत असणारं एक द्रव्य. ते दाताला लागलं की गेलेला चुना परत बसायला मदत होते आणि कवच चिवट होतं. पेस्टमध्ये ते थोडं असतं. दवाखान्यात लावतात त्या जेलमध्ये जास्त असतं. ही झाली चांगली बाजू.

ती बाजू मला पुस्तकातून कळली नाही. चार वर्षांचा एक मुलगा आणला होता. झोपताना तोंडात साखरेच्या दुधाची बाटली, रोज. पुढच्या दातांचे नुसते काळे खुंट उरलेले. गाल एवढा सुजला होता की एक डोळा मिटला होता, अंगात ताप. आई म्हणते कशी, "दुधाचेच दात आहेत ना मावशी, पडणारच की!" मी त्याचं डोकं धरलं आणि डॉक्टरबाईंनी पू काढला. ते पोर ओरडत नव्हतं, नुसतं कण्हत होतं. ओरडायचीही ताकद नव्हती त्याच्यात. त्या दिवसापासून दुधाचे दात पडणारच असं कुणी म्हणालं की मी त्याला खुर्चीत बसवून ऐकवते.

वाईट बाजूही माझ्यासमोर बसली होती. घोडपदेवला मामाकडे राहून पोलीसभरतीची तयारी करणारा एक मुलगा आला. विदर्भातल्या कुठल्याशा खेड्यातला. तोंड उघडलं तर सगळ्या दातांवर तपकिरी डाग आणि खड्डे. मी स्पष्ट विचारलं, "तंबाखू किती खातोस रे?" तो कळवळून म्हणाला, "मावशी, सुपारीसुद्धा नाही. आमच्या गावात सगळ्यांचे असेच आहेत. आजोबांची तर पाठच वळत नाही." गावाला बोअरचं पाणी. डॉक्टरबाई म्हणाल्या, त्या पाण्यात फ्लोराइड फार असणार आणि हे पोर जन्मापासून तेच पीत आलं.

तो गेल्यावर मी विचारलं, "म्हणजे आपण पोरांना लावतो तेच?"

"तेच."

"मग आपण काय विष लावतो का?"

"मावशी, आमटीला मीठ लागतं ना? एकदा मूठभर टाकून बघा."

मी हसले. मला वाटलं, मला समजलं. आमटीतलं मीठ मला शिकवायला नको होतं. पण मिठाला मी चिमूट लावायची आणि जेलला पळी, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही.

जेल द्यायची रीत अशी. फोमचे दोन ट्रे असतात, होडीसारखे, एक वरच्या दातांना, एक खालच्या. त्यात जेल घालायचं ते तळाशी, फार तर पाव भाग. ट्रे दातांवर बसवायचे, मुलाला पुढे वाकवून बसवायचं, लाळ वाटीत गळू द्यायची. चार मिनिटं. मग ट्रे काढून मुलाला थुंकायला लावायचं, थुंक थुंक म्हणत राहायचं. नंतर अर्धा तास खाणंपिणं नाही. आणि सहा वर्षांखालच्या मुलाला हे द्यायचंच नाही, कारण त्याला थुंकणं जमत नाही, ते गिळतं.

मी पाव भाग कधीच भरला नाही. सुरुवातीला भरला असेल. मग हात सुटला. ट्रे अर्धा रिकामा दिसला की मला कसंतरी व्हायचं. पोराच्या सगळ्या दातांना लागायला नको का? दवाखान्यात लाळ ओढून घेणारं मशीन होतं, त्यामुळे जास्तीचं निघून जायचं आणि कुणाच्या लक्षात यायचं नाही. डॉक्टरबाई सुरुवातीला बघायच्या, पुढे बघेनाशा झाल्या. मावशी करतात ना, मग झालं.

सात-आठ वर्षांपूर्वी लालबागच्या एका गणपती मंडळाने मुलांसाठी दातांचं शिबिर ठेवलं. डॉक्टरबाईंना दवाखाना सोडवेना म्हणून मला आणि डॉ. केतकीला पाठवलं. केतकी नुकतीच पास झालेली, पंचवीसची पोरगी. हुशार, पण चेहऱ्यावर सतत परीक्षेला बसल्यासारखं. मंडळाच्या हॉलमध्ये सतरंज्या, चार खुर्च्या, एक लांब टेबल. लाळ ओढायचं मशीन नव्हतं, नुसत्या वाट्या होत्या.

पहिल्याच पोराला ट्रे बसवताना केतकी म्हणाली, "मावशी, जरा कमी भरा."

मी म्हटलं, "बरं."

चौथ्या पोराच्या वेळी परत म्हणाली, "मावशी, हे जास्त होतंय. पाव भागच."

रांगेतल्या आया ऐकत होत्या. मला झोंबलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तू जन्मायच्या आधीपासून ट्रे भरतेय मी. तू तुझं तपासणीचं बघ."

आया हसल्या. केतकीचे कान लाल झाले. ती टेबलापाशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून पोरं तपासायला लागली. मी मुद्दाम पुढचा ट्रे आणखी भरला. हे लिहायला नको वाटतं, पण तसं झालं.

साधारण अकराच्या सुमाराला आर्वीचा नंबर लागला. बारकी पोर, दोन वेण्या, आजीचा पदर धरून. आजी मालवणकडची, तिथल्याच चाळीत राहणारी. आई-बाप दोघं कामावर. आमच्या कागदावर वय लिहिलेलं सहा. मला ती सहाची दिसली नाही, पण चाळीतली पोरं बारकी असतात. मी शिगोशीग भरलेले दोन्ही ट्रे तिच्या तोंडात बसवले आणि वाटी हातात दिली. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतल्या पोराने ट्रे काढून फेकला आणि गळा काढला. मी त्याच्याकडे वळले. चार मिनिटं मी आर्वीकडे बघितलंच नाही. शहाण्यासारखी गप्प बसली होती ना.

ट्रे काढले तर स्वच्छ. पुसून घेतल्यासारखे. वाटीत थेंबभर लाळ.

"थुंक गं."

तिने तोंड उघडून दाखवलं. आत काही नव्हतं.

"कुठे गेलं?"

"खाल्लं."

"खाल्लंस? का?"

"गोड होतं."

स्ट्रॉबेरीचा वास आणि चव घालतात त्यात, मुलांनी तोंडात ठेवावं म्हणून. आजी हसायला लागली. "आमचां चेडू गुणाचां हा. तोंडात घातलेलां थुकूचां नाय, असां मीच शिकवलंय. आणि उपाशीच आणलंय हिका. म्हटलां, दाताचो डॉक्टर, ओकारी येयत."

उपाशी पोटी. पोटात काही नाही, त्यावर ते जेल. तरी पाठीवर हात फिरवून तिला सतरंजीवर बसवलं आणि पुढच्या पोराला हाक मारली.

दहा मिनिटांनी ती पोट धरून आडवी झाली. तोंडाला पाणी सुटत होतं, ओठ पांढरे पडले होते. केतकीने तिची नाडी धरली आणि दुसऱ्या हाताने डॉक्टरबाईंना फोन लावला. दोन-तीन वाक्यं बोलली आणि फोन माझ्या कानाला लावला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, नीट ऐका. किती पोटात गेलं त्यावर सगळं आहे. थोडं असेल तर दूध पाजून बसवून ठेवू. जास्त असेल तर हॉस्पिटल. ट्रे पाव भागच भरला होता ना?"

केतकी माझ्याकडे बघत होती. रांगेतल्या आया बघत होत्या. त्याच, मघाशी हसलेल्या.

मी म्हटलं, "हो."

एक अक्षर. तेवढ्यावर सगळं ठरलं. मंडळाच्या पोराने कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणली. आर्वीला ग्लासभर दूध पाजलं. दुधातला चुना पोटातल्या फ्लोराइडला धरून ठेवतो, म्हणून दूध. पंधरा मिनिटांनी ती उठून बसली, वेण्यांशी खेळायला लागली. आजी म्हणाली, "आता घराक नेतंय. मऊ भात घालतंय." केतकीने सांगितलं, पोट दुखलं, उलटी झाली तर लगेच कळवा, अजून एकदा दूध द्या. आजी पोरीला कडेवर घेऊन गेली.

मी पुढच्या पोराचा ट्रे हातात घेतला आणि बाटली दाबली. फुस्स. सगळ्या शिबिरासाठी आणलेली नवी बाटली. अजून अर्धी रांग उभी होती आणि बाटली संपली होती.

बाटली बघून मला नवीन काहीच कळलं नाही. मला सगळं आधीच ठाऊक होतं. पण ती हातात धरून मी उभी राहिले. तेवढ्यात केतकी जवळ आली. मला वाटलं, आता विचारणार, एवढं जेल गेलं कुठे? तिने विचारलं नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मघाशी मी सगळ्यांसमोर बोलले, सॉरी हं. बरं झालं तुम्ही कमी भरलंत. एवढीशी पोर, दोन्ही ट्रे शिगेला असते ना, तर आत्ता आपण हॉस्पिटलात असतो."

मी म्हटलं, "शिगेलाच होते."

तिला कळलं नाही. "काय?"

"दोन्ही. काठापर्यंत. मी खोटं बोलले."

तिने फोन काढून डॉक्टरबाईंना लावला, माझ्यासमोरच म्हणाली, "मॅडम, ट्रे फुल होते. मुलगी घरी गेलीय." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून केतकी म्हणाली, "घर माहितीय का कुणाला?" मंडळाचा एक मुलगा पुढे धावला, आम्ही त्याच्या मागे. मी रिकामी बाटली आणि आर्वीचे दोन ट्रे पिशवीत टाकून घेतले. का घेतले ते तेव्हा सांगता आलं नसतं. हातात काहीतरी खरं असावं असं वाटलं असेल.

चाळीचा तिसरा मजला. बासष्ट वर्षांची मी, जिने कसे चढले ते आठवत नाही. केतकी दोन-दोन पायऱ्या टाकत वर पोचली होती. दारातच आंबट वास आला. आर्वी मोरीपाशी बसली होती, समोर ओकलेलं. दोनदा झालं होतं. आजीच्या हातात पेला.

"काय देताय?" केतकी ओरडली.

"लिंबूपाणी. पोट ढवळता हिचां."

"नको! आंबट नको, त्याने ते आणखी भिनतं. दूध आहे घरात?"

"आसा. पण तुमी परत कित्याक इलात?"

केतकीने माझ्याकडे बघितलं. सांगायचं काम माझं होतं. मी दारातच उभं राहून सांगितलं, "आजी, हिच्या पोटात फार गेलंय. मी ट्रे काठोकाठ भरले होते आणि फोनवर कमी सांगितलं. आत्ता हॉस्पिटलात न्यायचं."

आजीने पेला खाली ठेवला. तिने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने पोरीला उचललं, पायात चपला सरकवल्या आणि माझ्या खांद्याला धक्का देऊन बाहेर पडली.

टॅक्सीत केतकी आर्वीला घोट घोट दूध पाजत होती. लालबाग ते परळ अंतर ते किती! त्या दिवशी प्रत्येक सिग्नल आम्हाला आडवा आला. आर्वीची बोटं मधूनच थरथरत होती. मी समोर ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि आरशातून ती बोटं बघत होते. मागे वळायची हिंमत नव्हती.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होता, डोळ्यांखाली काळं, घाईत. केतकीने त्याला औषधाचं नाव सांगितलं. त्याने विचारलं, "किती घेतलं?" केतकी म्हणाली, "दोन ट्रे. भरलेले."

"भरलेले म्हणजे किती?"

मी पिशवीतून ट्रे काढले. भिंतीपाशी नळ होता. दोन्ही ट्रे मी सकाळी भरले होते तिथपर्यंत पाण्याने भरले आणि डॉक्टरच्या समोर औषध मोजायच्या पेल्यात ओतले. "इतकं. थेंब इकडेतिकडे." त्याने पेला डोळ्यांसमोर धरून आकडा बघितला, बाटलीवरचं लिहिलेलं वाचलं आणि विचारलं, "मुलीचं वय?"

"सहा," केतकी म्हणाली.

"पाच पण पुरी नाय," आजी म्हणाली. "सहाच्या आतल्याक घेणत नाय म्हणून तसां लिवलंय."

डॉक्टरने आम्हा तिघींकडे एकेकदा बघितलं. मग पोरीला वजनकाट्यावर ठेवलं आणि नर्सला हाक मारली. पडदा ओढला गेला.

फार फ्लोराइड पोटात गेलं की ते रक्तातला चुना ओढून घेतं, आणि हृदय नीट चालायला तो चुना लागतो. हे केतकीने मला बाकावर सांगितलं. म्हणून आत छातीला वायरी लावल्या होत्या, रक्त काढलं होतं, सलाइन लावलं होतं. मी तिला विचारलं, "वाचेल ना?" ती म्हणाली, "उलटी झाली ते बरं झालं. दूध लवकर गेलं तेही बरं झालं. पण अर्धा तास फुकट गेला, मावशी." पुढे ती उठून आत गेली. अर्धा तास फुकट गेला, एवढंच ती मला त्या दिवशी बोलली. आजतागायत तिने त्यावर आणखी काही म्हटलेलं नाही.

बाकावर मी आणि आजी. मधे एका माणसाची जागा मोकळी. आजी समोर बघत म्हणाली, "तू तेवाच कित्याक नाय बोललंस?"

"लाज वाटली."

"कोणाची?"

"त्या पोरीची. केतकीची. ती मला दोनदा म्हणाली होती कमी भर, आणि मी तिला चार बायकांत गप्प केली होती."

"लाज!" आजी म्हणाली. "आणि माझां चेडू?"

ती मग स्वतःशीच पुटपुटली, "मी तरी वरीस कशाक वाढवून सांगलंय? फुकटचो ब्रश मिळता म्हणून." मला वाटलं, तिला वाटणी करायचीय, थोडी तिची चूक, थोडी माझी. मी म्हटलं, "आजी, तुमचं वेगळं. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं." तिने पहिल्यांदा माझ्याकडे तोंड वळवलं. "तां माका कळता. तुझ्या सांगण्याची गरज नाय."

डॉक्टरबाई दवाखाना बंद करून आल्या. पडद्याआड जाऊन बघून आल्या, आजीसमोर हात जोडले आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. शिबिर माझं होतं." मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, "तुमची कशी? ट्रे मी भरले." त्या माझ्यावर फिरल्या. "वीस वर्षं मी तुमचा ट्रे बघितला नाही, मावशी. बघायला हवा होता. तुम्ही हो म्हणालात ती चूक तुमची. ती माझ्या अंगावर मी घेणार नाही." एवढा कडक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. पण हिशेब बरोबर होता.

ऊन उतरल्यावर तरुण डॉक्टर बाहेर आला. छातीचे ठोके नीट आहेत, रक्तातला चुना जरा खाली गेला होता तो वर येतोय, उद्या सकाळपर्यंत ठेवू, असं म्हणाला. आजी उठली, भिंतीला हात टेकला आणि परत बसली. तेवढ्यात आई-बाप धावत आले. आजीने त्यांना सगळं सांगितलं, माझ्याकडे बोट दाखवून, काही न लपवता. बाप माझ्या अंगावर धावून आला, आईने त्याला धरलं. मी जागची हलले नाही.

दुसऱ्या दिवशी आर्वी घरी गेली. तिला काही झालं नाही. मला लोक म्हणतात, मग झालं तर, सोडा आता. काही झालं नाही ते नशिबाने, माझ्यामुळे नाही.

आठवड्याने मंडळाच्या हॉलमध्ये पालकांची बैठक झाली. एक गृहस्थ मोबाइल उघडून उभेच राहिले. "हे बघा, इथे स्पष्ट लिहिलंय, फ्लोराइड विष आहे. मेंदूवर परिणाम होतो. कंपन्या आपल्या पोरांवर प्रयोग करतात."

मंडळाचा एक म्हातारा कार्यकर्ता म्हणाला, "मग काय, परत मिश्री लावायची का सगळ्यांनी?"

हशा झाला. पण पुष्कळ आया हसल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. डॉक्टरबाईंनी समजावलं, मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यात ते फारसं नसतं, म्हणून पेस्टमधलं उपयोगी पडतं. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढे वाटाण्याएवढी, आणि मोठ्या माणसाने शेजारी उभं राहून थुंकायला लावायचं. जाहिरातीत ब्रशभर लांब पट्टी दाखवतात ती विसरा. गावी बोअरचं पाणी पीत असाल तर ते तपासून घ्या. जास्त दिवस जास्त पोटात गेलं तर दात डागाळतात, हाडंही धरतात. हे सगळं त्यांनी लपवलं नाही.

मोबाइलवाले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे तुम्हीच कबूल करता!"

मग मी उठले. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "त्या पोरीला जेलने नाही, माझ्या हाताने आजारी पाडलं. मी भरमसाट भरलं, आणि विचारल्यावर खोटं बोलले. तुम्हाला शिव्या द्यायच्या तर मला द्या. औषधाला देऊ नका, नाहीतर गाल सुजलेलं पोर घेऊन आमच्याकडेच याल, आणि त्याचं डोकं मलाच धरावं लागेल."

एक बाई मागून म्हणाली, "तुला अजून कामावर ठेवलीय?"

"ठेवलीय," मी म्हटलं. "पण ट्रे नाही भरायला."

ते खरं होतं. त्या दिवसापासून जेल केतकी भरायची आणि मी वाटी धरायची. लहान मुलांना जेल बंदच केलं. त्यांना फ्लोराइडचंच वार्निश लावायला सुरुवात केली. ते बारक्या ब्रशने दातावर लावायचं, लावल्यावर चिकटतं, गिळायला फारसं उरत नाही. ते काही महिन्यांनी केतकीने मला शिकवलं. स्वतःच्या नखावर लावून दाखवलं, मग माझ्याकडून माझ्या नखावर दहादा लावून घेतलं. जास्त झालं की पुसायला लावायची. मी पुसायची. माझ्या आईने एवढ्याशा वाढपाला मला घराबाहेर काढलं असतं.

बैठकीनंतर निम्म्या आया दवाखान्यात आल्याच नाहीत. आर्वीच्या घरच्यांनी येण्याचा प्रश्नच नव्हता. पण वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी दवाखान्याचं दार ढकलून आजी आत आली, आर्वीचा हात धरून. आर्वीच्या मागच्या दाढेवर पांढरट ठिपका दिसायला लागला होता. कीड धरायच्या आधी असा ठिपका येतो. शाळेतल्या तपासणीत सांगितलं होतं.

डॉक्टरबाईंनी बघितलं, म्हणाल्या, "अजून खड्डा नाही. दाढा नीट घासायच्या, आणि दर काही महिन्यांनी वार्निश. केतकी, तू लाव."

आजी म्हणाली, "नको. हिका लावूंदे." आणि माझ्याकडे बघितलं.

केतकी थांबली. मी म्हटलं, "आजी, डॉक्टर लावतील ना. त्या शिकलेल्या आहेत."

"तां माका म्हायत आसा. डॉक्टर चुकतली तर माका काय कळतलां? तू चुकलंस तर माका कळतलां. तुमी घाटावरची माणसां, वाढूक लागलात की थांबूचां नाव नाय." मग तिने आपला हात माझ्यापुढे उलटा धरला. "दाखव आधी माका, किती लावतंस तां."

मी ब्रश बुडवला, काठाला निथळला आणि तिच्या मनगटाजवळ टेकवला. पिवळसर ठिपका, तिळाएवढा. तिने हात खिडकीकडे नेऊन नीट बघितला.

"इतक्याक एवढां रामायण?"

"इतकंच लागतं."

"मगे लाव. मी हयच उभी रवतंय."

आर्वीने आ केला. मी कापसाने दाढ कोरडी केली आणि लावायला सुरुवात केली. आजी खुर्चीला टेकून उभी होती. नातीच्या तोंडाकडे तिने एकदाही बघितलं नाही. शेवटच्या दाढेपर्यंत तिची नजर माझ्या हातावर होती.